सुल्व्हेनवर पहिल्यांदा जाताना

कळसूबाई १,६४६ मीटर, सुल्व्हेन ७३१ मीटर. आकडे शेजारी ठेवले की सह्याद्रीत वाढलेला माणूस हमखास विचारतो, "एवढंच?" लंडन, एडिंबरा, ॲबर्डीनकडच्या मराठी मित्रमंडळींना हा डोंगर सुचवला की मला हाच प्रश्न येतो, म्हणून उत्तरापासूनच सुरुवात करते. सह्याद्रीत वाट चुकली तर तासाभरात एखादी वाडी लागते, गुराखी भेटतो, निदान कुत्र्याचं भुंकणं तरी ऐकू येतं. सुल्व्हेनच्या भोवती मैलोन्‌मैल पाणथळ माळ, तळी आणि उघडा कातळ आहे. गाडी लावल्यापासून परत गाडीपाशी येईपर्यंत साधारण २० किलोमीटर चालायचं, आणि सुरुवातीचा लॉज सोडला तर वाटेत एका रिकाम्या दगडी झोपडीखेरीज काहीही नाही. चढ अवघड नाही. अंतर, हवा आणि आसपास कुणी नसणं, हे अवघड आहे. म्हणून तयारीचा बराचसा भाग घरी बसून करायचा असतो, आणि हा लेखही त्यावरच जास्त रेंगाळणार आहे.

डोंगराची ओळख

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर सदरलंड परगण्यात ॲसिंट नावाचा भाग आहे. तिथल्या लॉखिन्व्हर या बंदराच्या गावातून सुल्व्हेन पाहिला तर पालथ्या घातलेल्या रांजणासारखा एकटाच उभा दिसतो. नॉर्स भाषेत 'खांब' या अर्थाच्या शब्दावरून त्याचं नाव पडलं. बाजूने पाहिलं की कळतं, तो खांब नाही, सुमारे दोन किलोमीटर लांबीची अरुंद धार आहे आणि आपण तिचं टोक तेवढं पाहत होतो.

सह्याद्रीच्या काळ्या कातळाची सवय असलेल्यांनी इथला दगड मुद्दाम निरखावा. आपला बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सुल्व्हेनचा तांबूस वालुकाश्म सुमारे १०० कोटी वर्षांचा, आणि तो ज्या करड्या, पट्टेदार 'नाइस' खडकावर उभा आहे त्याचा काही भाग ३०० कोटी वर्षांच्या घरातला. कधीकाळी वालुकाश्माचा थर सगळ्या प्रदेशावर पसरलेला होता. बर्फाने, पाण्याने, वाऱ्याने तो खरवडून नेला आणि मधेमधे हे सुटे डोंगर उरले. माळ इतका ओला का, हेही त्यातूनच कळतं: खालचा नाइस पाणी मुरू देत नाही, म्हणून प्रत्येक खळग्यात तळं साठतं आणि वर कुजक्या वनस्पतींचा स्पंजासारखा थर, ज्याला 'पीट' म्हणतात, तो साचत जातो.

हा 'मन्रो' नाही. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये तीन हजार फुटांवरच्या स्कॉटिश डोंगरांची यादी छापली. आज त्या यादीत २८२ नावं आहेत आणि ती पुरी करायला लोक आयुष्य घालवतात. सुल्व्हेन त्या उंचीच्या खाली राहतो. मला विचाराल तर यादीतल्या कित्येक डोंगरांपेक्षा याच्यावरचा दिवस जास्त लक्षात राहतो.

कधी जायचं

मे आणि जून. पाऊस तुलनेने कमी आणि उजेड भरपूर: जूनमध्ये रात्री दहा वाजताही टॉर्चशिवाय चालता येतं. डिसेंबरमध्ये साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. शिवाय हिवाळ्यात वर बर्फ असतो, त्यासाठी आइस-ॲक्स, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे) आणि ते वापरण्याचं शिक्षण लागतं. नवख्याने त्या दिवसांत इथे येऊच नये.

जुलै-ऑगस्टमध्ये दिवस मोठा असतो, पण 'मिज' नावाची बारीक चिलटं ढगांसारखी येतात. वारा असेल तर ती उडू शकत नाहीत. वारा पडला, ढग आले, संध्याकाळ झाली की नाकातोंडात जातात. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी खिशात ठेवा, वजन नसल्यातच जमा. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा हरणांच्या शिकारीचा मुख्य काळ. जंगल खाणारी हरणं आटोक्यात ठेवणं हा इथल्या जमीन-व्यवस्थापनाचाच भाग आहे. त्या दिवसांत कुठे शिकार चालू आहे याच्या पाट्या वाटेच्या तोंडाशी लागतात. त्या वाचा आणि मळलेल्या वाटेवरच राहा.

जायला परवानगी लागते का, हे सगळे विचारतात. लागत नाही. २००३ च्या स्कॉटिश कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला डोंगर-माळावर चालण्याचा, तंबू टाकण्याचा हक्क दिला आहे. सुल्व्हेन ज्या जमिनीवर उभा आहे ती ग्लेनकॅनिस्प नावाची जहागीर २००५ मध्ये ॲसिंटच्या रहिवाशांनी एकत्र येऊन विकत घेतली, त्यामुळे फाटक बंद करणं, कचरा परत नेणं हे आपण कुणा दूरच्या जमीनदारासाठी करत नसतो, गावासाठी करत असतो.

नकाशा, आणि त्यावरचे शब्द

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा १:२५,००० चा 'एक्सप्लोरर ४४२' किंवा १:५०,००० चा 'लँडरेंजर १५' घ्या. कागदावरचाच घ्या. फोनमध्येही नकाशा उतरवून ठेवा, पण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही.

नकाशा उघडला की गेलिक नावांची भिंत समोर येते. घाबरू नका, पाच-सहा शब्दांत काम भागतं. 'बेन' म्हणजे डोंगर. 'ब्यालख' म्हणजे खिंड. 'अल्ट' म्हणजे ओढा, 'अव्हिन' म्हणजे नदी. 'कोरे' म्हणजे डोंगराच्या कुशीतला खोल वाडगा. 'मोर' म्हणजे मोठा, 'बेग' म्हणजे लहान. सुल्व्हेनच्या शिखराचं नाव 'काश्चल लीआ', करडा किल्ला. ज्या खिंडीत आपल्याला चढायचं आहे ती 'ब्यालख मोर', मोठी खिंड. नाव कळलं की जमिनीचा आकार आपोआप कळायला लागतो, हा नकाशावाचनातला माझा सर्वांत आवडता भाग.

वेळेचा हिशेब

१८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने साधा नियम सांगितला, तो आजही वापरतात. मेट्रिकमध्ये तो असा बसतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आपले २० किलोमीटर म्हणजे ४ तास. वरखाली धरून चढाई ८०० मीटरच्या आसपास, म्हणजे आणखी १ तास २० मिनिटं. झाले ५ तास २० मिनिटं. यात थांबणं नाही, चिखल नाही, दमणं नाही. नवख्याने याची दीडपट धरावी: आठ तास.

हे आठ तास घड्याळावर मांडा. सकाळी ८ ला निघालात तर सुलाग नावाच्या दगडी झोपडीच्या फाट्याला सव्वानऊ, डोंगराकडे वळायच्या जागी दहा, तळ्यांपाशी पावणेअकरा, खिंडीत बारा, शिखरावर एकच्या आत. आता यातलीच एक वेळ 'परतीची वेळ' म्हणून वहीत लिहा. मी खिंडीसाठी दुपारी २ लिहिते. दोनपर्यंत खिंडीत नसेन, तर जिथे असेन तिथून मागे.

ही वेळ घरीच का ठरवायची? पहिल्या खेपेला मी सप्टेंबरमध्ये गेले होते. निघायला उशीर झाला, माळावर पाय भिजले, आणि खिंडीत पोहोचले तेव्हा अडीच वाजले होते. शिखर ढगात होतं. सोबतची मैत्रीण म्हणाली, "आलोच आहोत तर वीस मिनिटं बघू या." मलाही तेच वाटत होतं. वर आल्यावर सगळ्यांना तेच वाटतं, कारण तिथे विचार करणारा माणूस थकलेला आणि हट्टाला पेटलेला असतो. आम्ही परत फिरलो ते फक्त वहीत '२' लिहिलेलं होतं म्हणून. शेवटचे तीन किलोमीटर पावसात, टॉर्चच्या उजेडात चाललो. ती वीस मिनिटं वर घालवली असती, तर उतारावरची सगळ्यांत वाईट घळ आम्ही आणखी दमलेल्या पायांनी उतरत असतो.

काय घालायचं, काय न्यायचं

सुती काही नको. जीन्स तर अजिबात नको: भिजली की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेते. आत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा बनियन, वर फ्लीस, त्यावर खरोखर पाणी न शिरणारं जॅकेट. पावसाळी पँटही हवीच, तिला बरेच जण विसरतात. सह्याद्रीत पावसाळी ट्रेकला आपण पॉन्चो घालतो, किंवा भिजतोच, कारण पाऊस कोमट असतो. इथला पाऊस आडवा येतो आणि गार असतो. वाऱ्यात पॉन्चोचं शीड होतं. जूनमध्येही लोकरी टोपी आणि हातमोजे सॅकमध्ये असू द्या. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, आधी चार-पाच वेळा वापरून पायाला बसलेले.

याशिवाय कंपास, शिट्टी, डोक्याला लावायची टॉर्च (जून असला तरी), जादा बॅटरी, प्रथमोपचाराची पुडी, आणि नारिंगी प्लॅस्टिकची 'सर्व्हायव्हल बॅग'. ही शेवटची वस्तू म्हणजे माणूस मावेल अशी मोठी पिशवी. पाय मुरगळून बसून राहावं लागलं तर वाऱ्यापासून तीच वाचवते.

खाणं आपलं न्या. दशम्या, गुळपोळी, राजगिऱ्याचे लाडू थंडीतही मऊ राहतात आणि हातमोजे न काढता खाता येतात. चिक्की दगडासारखी होते. थर्मासमध्ये गरम चहा. पाणी दीड-दोन लिटर. ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी गाळून किंवा उकळूनच प्या, वर मेलेलं हरीण पडलं आहे की नाही हे आपल्याला दिसत नाही.

आदल्या दिवशी

माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा वायव्य हायलँड्सचा अंदाज वाचा. गावाच्या हवामानावर जाऊ नका. अंदाजात तीन गोष्टी पाहायच्या: माथ्यावरचा वारा, ढगाचा तळ किती उंचीवर, आणि पाऊस कोणत्या वेळेला. ताशी ३० मैलांपुढचा वारा सांगितला असेल तर नवख्याने धारेवर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवस वाया जात नाही. किनाऱ्यावर फिरायला इथे खूप आहे.

इन्व्हरनेसहून लॉखिन्व्हर गाडीने दोन-सव्वादोन तास, अलापूल गावावरून. अलापूललाच पेट्रोल भरा. पुढे काही ठिकाणी रस्ता एकेरी होतो आणि मधेमधे 'पासिंग प्लेस' म्हणून फुगवटे असतात. फुगवटा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरून थांबा. उजव्या हाताला असेल तर त्याच्यासमोर रस्त्यावरच थांबा, समोरचा आत वळून पुढे जाईल. तिथे गाडी उभी करून फोटो काढू नका. बसच्या फेऱ्या मोजक्याच आहेत, वेळापत्रक पाहिल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. कोणत्या वाटेने जाणार, कितीजण, गाडी कुठे, परत किती वाजता, हे लिहून एका माणसाकडे द्या. तो माणूस ब्रिटनमध्ये असावा. आईला पुण्यात फोन करून सांगणं तिच्या जिवाला घोर लावतं आणि उपयोग शून्य: उन्हाळ्यात इथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिथे दीड वाजलेला असतो, आणि ९९९ हा इथला तातडीच्या मदतीचा नंबर भारतातून लागत नाही. मुक्कामाच्या घरमालकिणीला सांगा, या भागात कुणालाही त्याचं नवल वाटत नाही. "नऊपर्यंत आले नाही तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा," एवढं वाक्य पुरे. आणि ९९९ वर एसएमएस पाठवता यावा म्हणून 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत लिहून त्याच नंबरावर आधीच पाठवून नोंदणी करा. बोलण्याइतकी रेंज नसताना मेसेज कधीकधी जातो.

वाट

लॉखिन्व्हरमधून ग्लेनकॅनिस्प लॉजकडे जाणारा छोटा रस्ता घ्या. लॉजच्या थोडं अलीकडे गाडीतळ आहे. तिथून लॉज ओलांडून पूर्वेकडे रुंद कच्चा रस्ता जातो. पहिले चार-पाच किलोमीटर चुकायला जागा नाही. सुल्व्हेन उजव्या हाताला दिसत राहतो आणि बराच वेळ जवळ येत नाही.

डावीकडे थोडं आत सुलागची बॉथी दिसते. बॉथी म्हणजे कुलूप नसलेली, फुकट वापरायची दगडी झोपडी. ही माउंटन बॉथीज असोसिएशन सांभाळते. १९६५ पासून ही स्वयंसेवी संस्था अशा झोपड्या राखत आली आहे. आत वीज नाही, नळ नाही, संडास नाही. दोन दिवसांत हा डोंगर करायचा असेल तर मुक्काम छान होतो, पण आधीच माणसं आलेली असतील हे धरून तंबू सोबत ठेवा. शौचाला झोपडीपासून आणि पाण्यापासून लांब जा, खड्डा करा, बुजवा.

फाटा सोडून पुढे गेलं की नदीवर पूल लागतो. तो ओलांडल्यावर काही अंतरावर उजव्या हाताला दगडांची रास आहे, लगोरीसारखी. इथेच डोंगराकडे वळायचं. गप्पांच्या नादात ही खूण मागे पडते आणि कच्चा रस्ता तुम्हाला सरळ दूर घेऊन जातो, म्हणून पूल आला की बोलणं थांबवून नजर उजवीकडे ठेवा.

इथून माळ. पूर्वी ही वाट म्हणजे चिखलाचा पन्नास-साठ पावलं रुंद पट्टा झाला होता, कारण प्रत्येकजण ओलं टाळायला बाजूने चालायचा. काही वर्षांपूर्वी जॉन म्युर ट्रस्ट या रानजमीन जपणाऱ्या संस्थेने आणि ॲसिंटच्या लोकांनी ती दगड बसवून दुरुस्त केली. आता तिच्या मधूनच चाला, बूट भिजले तरी. पीटचा थर पायाखाली एकदा तुटला की भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

तळ्यांपाशी पोहोचलात की समोर भिंत दिसते आणि तिच्यात एक उभी घळ. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्यांना ती छोटी वाटेल. तिच्या एक-चतुर्थांशही नाही, पण सुटे दगड आणि पाझरणारं पाणी तेच. चढण्याआधी इथे खाऊन घ्या, टोपी चढवा, कारण वर खिंडीत वारा थेट अंगावर येतो. घळीत एकामागे एक सरळ रेषेत चढू नका. पाय घसरून दगड सुटला तर ओरडून खालच्यांना सांगा.

खिंडीत आलात की बॅग उतरवायच्या आधी मागे वळा. जिथून वर आलात त्या जागेचा फोटो काढा आणि कंपास लावून पाहा: तुमची उतरायची बाजू उत्तरेची आहे. कारण असं, की याच खिंडीतून दक्षिणेलाही एक वाट उतरते, इन्व्हरकर्केगकडे. ढग उतरला की दोन्ही बाजू सारख्या दिसतात. चुकीच्या बाजूने खाली गेलात तर डोंगराच्या पलीकडे, गाडीपासून कित्येक किलोमीटर लांब निघाल.

आता उजवीकडे, पश्चिमेला, काश्चल लीआ. डावीकडची टोकं अवघड कातळाची आहेत, तिकडे जायचं नाही. धार एक-दोन ठिकाणी अरुंद होते, हात टेकवावे लागतात. मग आडवी येते एक गडगा भिंत, चुन्याशिवाय रचलेली, या उंचीवर, दोन्ही अंगांना कडा. कोकणातल्या गडग्यांची आठवण येते. तिच्या खिंडारातून पलीकडे गेलं की थोडा चढ आणि अचानक डोंगर सपाट होतो: माथ्यावर चक्क हिरवळ. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला क्विनाग, पूर्वेला कॅनिस्प, दक्षिणेला कूल मोर आणि स्टॅक पॉली हे डोंगर, आणि मधे शेकडो तळी. कडेजवळ जाताना ओल्या गवतावरून जपून, तिन्ही बाजूंना सरळ तुटलेलं आहे.

काही बिघडलं तर

ढगात वाट हरवली तर थांबा. नकाशा काढा, शेवटची ओळखीची जागा आठवा आणि तिथवर परत जा. 'खाली उतरत राहू, काहीतरी लागेल' हा सह्याद्रीतला आडाखा तिथेही धोक्याचा आहे, इथे तर खाली काही लागतच नाही.

कुणी जखमी झालं तर आधी त्याला कोरडे कपडे, टोपी, सर्व्हायव्हल बॅग. मग ९९९. जागा सांगायला नकाशावरच्या चौकटींवरून काढलेला ग्रिड क्रमांक लागतो, तो काढायचा सराव घरी करून या. रेंज नसेल तर शिट्टी: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांनी येतं. इथली माउंटन रेस्क्यू पथकं स्वयंसेवकांची आहेत, पैसे घेत नाहीत. पाहुणे म्हणून आलो आहोत, फोन कसा करायचा, या संकोचापायी उशीर करू नका. उजेड असताना केलेला फोन त्यांचंही काम सोपं करतो.

उतरल्यावर

उतरताना घळीत काठ्या आखूड करा, गुडघ्यांवर भार कमी येतो. गाडीपाशी आलात की बूट काढण्याआधी ज्याच्याकडे चिठ्ठी दिली होती त्याला कळवा. तुम्ही गावातल्या लॉखिन्व्हर लार्डरमध्ये पाय खात बसलेले असताना तुमच्यासाठी पथक निघायला नको. हा 'पाय' म्हणजे सारण भरलेली खुसखुशीत कवचाची भाजलेली पोळी, आणि तिथले पाय नावाजलेले आहेत.

मग आंघोळीच्या वेळी गोचीड शोधा. गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांच्या कडेला. खसखशीच्या दाण्याएवढी असते. बारीक चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ वर ओढा. तेल, चटका, मीठ काही लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत चावल्याजागी पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं किंवा ताप आला, तर डॉक्टरांना 'हायलँड्समध्ये चालायला गेले होते' हे वाक्य पहिल्यांदा सांगा. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगावर सुरुवातीलाच अँटिबायोटिक दिलं तर तो बरा होतो.